धरा मिस्त्रीची टोपी

वाशीमच्या बाजारात आमच्या टीनमिस्त्रीकडे कुणीही गेलं, की त्याच्या तोंडातून पहिला शब्द निघे तो ‘धरा’. राम राम नाही, बसा नाही, काय काम काढलं नाही. गिऱ्हाईक दुकानाच्या फळीला टेकतं न टेकतं तोच पत्र्याचं एक टोक त्याच्या हातात आलेलं असे. एकदा तहसिलीतले हेडकारकून कंदिलाची काच बसवून घ्यायला गेले आणि तासभर दुसऱ्याच कुणाची तरी चाळणी धरून उभे राहिले. एका वकिलाच्या कोटाला कथील लागलं. एक पाटलीणबाई तर चुलीचं नळकांडं न्यायला आल्या आणि स्वतःच्या हाताने ते ठोकून घेऊन गेल्या. त्याचं खरं नाव बाजारात कुणालाच आठवत नसे. लहानथोर सगळे त्याला धरा मिस्त्री म्हणत.

लोकांना याची मोठी मौज वाटायची. मला कधीच वाटली नाही. मी वाशीमला आलो तो शिरपूरजवळच्या एका खेड्यातून, पाठीवर पोती वाहायला. पोती वाहता वाहता माल ओळखायला शिकलो, मग तुरीची दलाली केली, मग स्वतःचं दुकान थाटलं. ज्याने वीस वर्षं दुसऱ्याची ओझी धरली, त्याला पैसे मोजून पुन्हा काहीतरी धरायला सांगणं मला पसंत नव्हतं. काम तुझं आहे, तर तू कर, असं माझं साधं म्हणणं होतं.

शिवाय त्याच्याशी घासाघीस करता येत नसे, आणि घासाघीस हा माझा धंदा होता. त्याने भाव सांगितला की मी सवयीने कमी करून मागायचो. समोरच्याने कपाळाला हात लावावा, मी उठून चार पावलं जावं, त्याने मागून हाक मारावी, अशी ती रीत असते. मिस्त्री लगेच म्हणायचा, ‘बरं.’ या एका ‘बरं’ने माझा सगळा दिवस नासायचा. इतक्या सहज कबूल झाला, म्हणजे आणखी उतरला असता, असं मनात येत राहायचं. एकदा बादली घेतली तेव्हा असंच झालं. घरी येऊन पाहतो तर बादलीच्या बुडाला कडंच नाही. तसाच परत गेलो. तो म्हणाला, "तुमी चार आने काढले, म्या कडं काढलं. झालं बरोबर." यावर भांडावं कसं? माझ्या सबंध धंद्यात मला असा माणूस दुसरा भेटला नाही, आणि भेटला नाही ते बरंच झालं.

तरी मी घर बांधलं तेव्हा न्हाणीच्या धुराड्यावर टोपी बसवायला त्यालाच बोलावलं होतं, कारण तसली टोपी करणारा आसपास दुसरा कुणी नव्हता. आमची न्हाणी पक्की, घराच्या आत, रस्त्याच्या अंगाला. बायकांची न्हाणी म्हणून तिला खिडकी ठेवली नव्हती. आत चुलीवर पाण्याचा तांब्याचा हंडा, आणि धूर जायला चुलीवरून छपरापर्यंत गेलेलं एक नळकांडं. त्या नळकांड्याच्या डोक्यावर मिस्त्रीची फिरती टोपी. पालथ्या मडक्यासारखी, एका बाजूला तोंड असलेली, खिळ्यावर बसवलेली आणि पत्र्याची एक चपटी शेपटी लावलेली. वारा जिकडून येई तशी शेपटीला लागून ती वळायची आणि धूर बाहेर ओढला जायचा. दहा वर्षं तिने तक्रार केली नाही, त्यामुळे दहा वर्षं मी तिच्याकडे पाहिलंही नाही.

मग एका माघात माकडांची टोळी आमच्या छपरावरून गेली. त्यांतला एक मोठा हुप्प्या टोपीवर बसला आणि टोपीसकट खाली अंगणात आला. तो उठून पळाला, टोपीची मात्र भाकरी झाली. तोंड कुठलं, पाठ कुठली, काही कळेना.

एरवी मी आठ-पंधरा दिवस चालवून घेतलं असतं. पण माझी एकुलती एक मुलगी शांता पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. सातवा महिना होता. सकाळी न्हाणीत गेली की ती खोकत, डोळे पुसत बाहेर यायची. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. आणि माझ्या घरचं माहेरपण कुणापेक्षा कमी नाही, हे मला अनसिंगच्या व्याह्यांना दाखवायचं होतं. त्यांची जमीन वडिलोपार्जित होती. माझं सगळं माझ्या हातचं. ते कधी तसं बोलले नव्हते, पण न बोललेलं मला जास्त ऐकू येतं.

मी त्याच दिवशी दुकानावर गेलो. बाजाराचा दिवस, चार माणसं उभी.

"मिस्त्री, टोपी मोडली. नवी पायजे. पोरगी बाळंतपनाले आली हाये, घाई हाये."

"धरा," म्हणून त्याने माझ्या हातात कात्री दिली.

"हे काय?"

"कात्री."

"दिसते मले. मी कायले धरू?"

"घाई तुमाले हाये ना, शेठ? चार हातानं लवकर होते."

मागून एक तुरीचा व्यापारी बोलला, "धरा ना शेठ, धरा! पह्यले पोतं धरतच होते की!"

सगळे हसले. मिस्त्री हसला नाही, पण त्याने त्या माणसाला गप्पही केलं नाही. मी कात्री फळीवर आपटली. "ठेव तुही टोपी तुह्याजवळ. माही मी करतो!"

"मंग मी तेच त म्हनून राह्यलो, शेठ," तो शांतपणे म्हणाला. "करा."

मी वळलो. मागे कुणीतरी म्हणत होतं, "मिस्त्रीनं टोपी घालाच्या आंधी शेठनं सोताच घालून घेतली!" हे वाक्य त्या महिन्यात मी निदान दहा तोंडांतून ऐकलं.

लोहाराकडून कात्री आणि ठोकायची मोगरी मागून आणली, पत्रा आणला आणि ओसरीवर बसलो. पहिल्याच कापात अंगठा कापला. बायको म्हणाली, "अवो, मिस्त्रीले बलवा ना. त्याच्यात काय कमीपना हाये?" मी तिला चार शब्द ऐकवले. ती आत गेली. दोन दिवस ठोकठोक करून मडकं झालं, शेपटी झाली. आता प्रश्न उरला तोंड कुठे ठेवायचं याचा. चेंदामेंदा झालेली जुनी टोपी काही सांगत नव्हती. पण यात विचारायचं काय? मी जन्मभर बैलबाजार पाहिलेला माणूस. शेपटी मागे, तर तोंड पुढे. आणि वारा आत शिरल्याशिवाय धूर बाहेर कसा ढकलला जाणार? शेपटीच्या बरोबर समोर मी तोंड कापलं आणि छपरावर चढलो.

टोपी फिरली, आणि काय सुरेख फिरली! वारा हलला की नाकासमोर वळायची. मिस्त्रीची टोपी कुरकुरायची, माझी बिनआवाज. मी वर उभा राहून गल्लीकडे पाहिलं. इतक्यात खालून बायकोचा आवाज आला, "अवो, धूर त उलटा येऊन राह्यला!"

मी ठरवलं, तोंड लहान झालं. मोठं केलं. धूर वाढला. म्हटलं शेपटी आखूड आहे, टोपी वेळेवर वळत नाही. शेपटी लांब केली. टोपी आणखी चपळ झाली आणि धूर आणखी वाढला. जितकी टोपी चांगली होत गेली तितकी न्हाणी बिघडत गेली. एका माणसाला वेड लावायला एवढं पुरे आहे. मी दुकान गुमास्त्यावर टाकून आठ दिवस छपरावर काढले. चूल पेटवली म्हणून बायकोला ओरडलो, विझवली म्हणून ओरडलो, शिडी नीट धरली नाही म्हणून हमालाला, हसला म्हणून शेजाऱ्याला, आणि कुणी सापडलं नाही तेव्हा वाऱ्याला. शांता ओसरीच्या कोपऱ्यात कानांभोवती पदर घट्ट गुंडाळून बसायची. माघातला वारा गारच असतो.

या आठही दिवसांत सकाळी मिस्त्री आमच्या गल्लीतून जायचा. बगलेत छत्री, मान वर. घरासमोर आला की थांबायचा. टोपीकडे पाहायचा. मग माझ्याकडे. "राम राम शेठ. फिरते बरी." आणि तिथेच जरासा रेंगाळायचा, जसा काही मी त्याला बक्षीसच देणार होतो. मी तोंड फिरवायचो. टोमणा मारायला रोज वाकडी वाट करून येणारा माणूस मी पाहिला नव्हता. दुकानाला जाता जाता मजा घेत असेल, असं मी धरून चाललो.

नवव्या दिवशी अनसिंगहून व्याही आले. बैल जुंपलेली रेंगी घेऊनच आले होते. प्रवासाने अंग मळलं म्हणून आंघोळीला गेले आणि लालभडक डोळ्यांनी बाहेर आले. मोठे मृदू माणूस. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"शेठ," ते म्हणाले, "आठवा लागला की मंग पोरीले हालवता येत नाई. चार दिवस राह्यले. मी म्हनतो, उद्या घेऊन जातो. तिची सासू बी वाट पाहून राह्यली."

"पह्यलं बाळंतपन सासरी? लोक काय म्हनतीन?"

"लोकायले काय, पोर सुखरूप पायजे."

मी तिथेही सौदाच केला. म्हटलं, "उद्या सकाळी धूर काढून दावतो. मंग त नेसान नाई?"

"मंग पोरगी म्हनन तसं," ते म्हणाले.

आता माझ्याजवळ एक संध्याकाळ उरली होती. मी चार वेळा जोडे घातले, चार वेळा काढले. आयुष्यात मी पुष्कळांकडे माल मागितला आहे, जागा मागितली आहे, मुदत मागितली आहे. पण मला येत नाही, सांगा, असं कुणाला म्हटलं नव्हतं. दिवेलागणीला बाजार उठल्यावर गेलो. मिस्त्री फळ्या लावत होता. दुसरं कुणी नव्हतं.

"धूर येते," मी म्हणालो.

"येनच."

"काहून येनच?"

"टोपीचं तोंड कोनीकडं ठेवलं तुमी?"

"पुढं. शेपटी मांगं, तोंड पुढं."

"असं कायले केलं?"

"मंग काय करू? कोनत्या जनावराचं तोंड शेपटीखाली असते?"

तेव्हा तो हसला. मी त्याला हसताना पाहिलं ते एवढंच. हातातली फळी खाली ठेवून तो म्हणाला, "शेठ, जवारी उपनताना मानूस कोनीकडं तोंड करते?"

"वाऱ्याकडं पाठ करते," मी म्हणालो.

उत्तर तोंडातून गेलं आणि मग मला ते ऐकू आलं. लहानपणी दुसऱ्यांच्या खळ्यावर तिवईवर उभा राहून मी पाट्याच्या पाट्या उपणल्या होत्या. वाऱ्याकडे तोंड केलं की सगळा भुसा डोळ्यांत, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. वाशीमला आल्यापासून ते दिवस मी कुणाला सांगितले नव्हते. हळूहळू मलाच सांगायचे बंद केले होते.

"मंग टोपीले बी तेच सांगा," मिस्त्री म्हणाला. "शेपटी वाऱ्याच्या मांगं जाते. तोंड बी शेपटीखालीच ठेवा. वारा पाठीवरून जाते, अन् जाता जाता धूर वढून नेते. तुमी त वाऱ्याले नळकांड्यात घातलं, बाप्पा. तो धुराले घेऊन खालीच येनार."

"हे आठ दिवसाआंधी काहून नाई सांगतलं?"

"तुमी ईचारलं नाई."

"रोज खालून जात होते ना!"

"जात होतो. पन टोपी तुमच्या हातची हाये, शेठ. मानसानं सोताच्या हातानं केलेल्या वस्तूले न ईचारता नाव ठेवू नये."

हा त्याचा शहाणपणा! न्हाणीत माझी पोर खोकत होती, आणि हा माणूस रस्त्यावर उभा राहून माझ्या टोपीचा मान राखत होता. आणखी बोललो असतो तर त्याच्या फळ्या मोडल्या असत्या. मी घरची वाट धरली. त्यालाही बरोबर येतो म्हणायचं सुचलं नाही, आणि मीही त्याला बोलावलं नाही.

पहाट फुटताच छपरावर चढलो. टोपी उतरवली, शेपटी उपटली, फिरवून तोंडाच्या बाजूला वर ठोकली, कथलाचा डाख दिला, पुन्हा चढवली. बायकोने चूल पेटवली. नळकांड्यात हुंकारासारखा आवाज झाला आणि धूर असा निघाला, की जणू कुणी वरून त्याची शेंडी धरली आहे. न्हाणीत भिंतीवरची काजळी दिसत होती, इतकी हवा स्वच्छ. व्याही आंघोळ करून कोरड्या डोळ्यांनी बाहेर आले. "वा! शेठ, मानलं तुमाले." मी जिंकलो होतो. मी शांताकडे वळलो.

"बोल बाई, आता काय म्हनतं?"

तिने न्हाणीकडे पाहिलंसुद्धा नाही. पायांच्या बोटांकडे पाहत म्हणाली, "जातो मी, बाबा. रेंगी आलीच हाये त." तिचं बोचकं बांधलेलंच होतं.

तिच्या आईने डोळ्यांना पदर लावला. व्याही चपापले. त्यांनाही हे अपेक्षित नव्हतं. रेंगी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत छपरावर माझी टोपी एकसारखी फिरत होती आणि तिच्यातून सरळ धूर जात होता.

शांताला अनसिंगला मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या, ही देवाची कृपा. पण बाजारात ज्याने त्याने मला विचारलं, "काहून शेठ, पह्यलं बाळंतपन सासरी?" आणि दर वेळी माझ्या डोळ्यांपुढे बगलेत छत्री घेतलेला तो माणूस उभा राहिला. त्याने पहिल्या दिवशी एक शब्द टाकला असता, तर व्याह्यांनी रेंगी जुंपली नसती, पोरीने बोचकं बांधलं नसतं. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. बादल्या अकोल्याहून आणल्या. त्याच्या दुकानावरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरली. तो मात्र मला पाहिलं की ‘राम राम शेठ’ म्हणायचा आणि मी उत्तर देत नसे. हे पाच-सहा वर्षं चाललं.

लढाईच्या दिवसांत पत्रा मिळेनासा झाला आणि त्याने दुकान बंद केलं. त्यानंतर वर्ष-सव्वा वर्षाने तो तापाने गेल्याचं कळलं. बोलणं टाकलं असलं तरी मयताच्या घरी बसायला जाणं टाकता येत नाही. माती झाली त्याच दिवशी मी घर विचारत विचारत गेलो. स्टेशनाच्या बाजूला, पार शेवटच्या वस्तीत. त्याच्या घरून निघालं की बाजार सरळ समोर, आणि आमची गल्ली बाजाराच्याही पलीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. बसल्या बसल्या मी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "मिस्त्री आमच्या आंगाले रोज कायले येत जाय?"

"तिकडं कायले जातीन बाप्पा?" तो म्हणाला. "तिकडं त्यायचं काईच नोतं. अन् पायानं बी अधू. दुकानाले जातानाच दोनदा बसत होते."

आठ दिवस. अधू पायाने अख्खं गाव ओलांडून, छपराखाली उभं राहून, फक्त मी विचारावं म्हणून. घरी येईपर्यंत मला इतका संताप आला होता, की जोडे काढायचंही भान राहिलं नाही. शांता दिवाळीला म्हणून आली होती, तिची मुलगी अंगणात खेळत होती. मी शांतासमोर ओकलो सगळं. "अरे, एवढा चालत येत जाय, त एक शब्द बोलाले काय झालं होतं? धूर तवाच गेला असता, अन् तू इथंच राह्यली असती! त्या एका शब्दापायी माहेर सोडून गेली तू!"

शांता गव्हातले खडे वेचत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"बाबा, मी धुरापायी नोती गेली."

"मंग?"

"धूर त सासरच्या न्हानीत बी होता. हिच्यापेक्षा जास्त." तिने हातातला खडा अंगणात टाकला. "तुमी आठ दिवस छपरावरून ओरडत होते. आईले, हमालाले, वाऱ्याले. तुमी ओरडले का पोटात लेकरू दचके. मी कानाले पदर बांधून बसो, पन त्याले कोनता पदर बांधू? म्हनून गेली मी."

तिने पुन्हा सूप उचललं. मी उंबऱ्यावर जोडे घालून तसाच उभा राहिलो. सहा-सात वर्षं नीट सांभाळलेला राग हातात होता, आणि तो ज्याच्यावर ठेवला होता त्या माणसाला त्याच सकाळी माती दिली होती.